'ट्रॅप'ला मराठीत काय म्हणाल? आणि 'साउंड'ला?

अर्धविराम
दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या ट्रॅप संगीतावरचा (हा रॅपचा एक प्रकार) एक लेख मराठीत करून देतेय. पहिलंच वाक्य आहे की गेल्या वीस वर्षांत ट्रॅपचा 'साउंड' पार बदलला. मी 'ट्रॅप' तसाच ठेवला होता. मुद्रितशोधक काकांनी लाल शाईत करून पाठवलं : "सापळा-संगीताचा आवाज बदलला आहे." आवाज बदलला म्हणजे सोळा वर्षांच्या पोराला कंठ फुटला असं वाटतं हो! फॉर्म शुक्रवारी छपाईला जाणार. दोन्ही शब्द सुचवा.

बोरूबहाद्दर
सापळ्यात काय वाईट आहे? लाचलुचपतवाले रोज लावतात, वाचकाला पाठ आहे.

जुनी चावी
लावतात, पण म्हणत नाहीत. माझी हयात त्या कागदांत गेली. प्रेसनोटमध्ये 'सापळा रचून', तोंडी मात्र "साहेब, आज दोन ट्रॅप आहेत". एका तलाठ्याला पकडल्यावर तोच म्हणाला, "मला कळलं होतं ट्रॅप आहे, पण पोराची फी भरायची होती." सापळा म्हणाला नाही.

डग्गा
थांबा, अर्थच वेगळा आहे. अटलांटात ट्रॅप म्हणजे अमली माल विकायचं घर. तो विकणं म्हणजे 'ट्रॅपिंग'. पकडण्याचा सापळा नाही, विकण्याचा अड्डा. रॅपर टी. आय.चा 'ट्रॅप म्युझिक' अल्बम २००३चा, यंग जीझी आणि गुच्ची मेन या रॅपरांचे २००५चे. तिघांचाही विषय तेच घर आणि तोच धंदा. 'अड्डासंगीत' करा.

चिंचेचं बुटुक
अड्ड्याला आता धार राहिली आहे का? पूर्वी मटक्याचा, गांजाचा असायचा. आमच्या गल्लीत 'चहाचा अड्डा' आहे, तिथे आजोबा लोक शब्दकोडं सोडवतात.

डग्गा
मग तर जास्तच चपखल. ट्रॅपचंही तेच झालं. आता लहान मुलांच्या जाहिरातीमागेही ते ड्रम वाजतात, विकायला असते ती बिस्किटं.

बोरूबहाद्दर
मूळ मुद्दा : मराठी शब्द असताना इंग्रजी का?

शेवगा
काका, मग रॉकला 'खडकसंगीत' म्हणा. ठुमरीचं कोणी भाषांतर केलं का? नाव ते नाव. बाकी सापळ्याचा विषय निघालाच आहे तर, आमच्याकडे उंदरांसाठी जाळीचा असतो तो पिंजरा, फटकन मिटतो तो चाप. 'सापळा' मी फक्त पुस्तकात वाचलाय.

जुनी चावी
सापडतो तो सापळा. ड चा ळ झाला, साधं आहे.

शेवगा
मग हाडांच्या सापळ्यात कोण सापडलं?

जुनी चावी
जीव.

चिंचेचं बुटुक
ही व्युत्पत्ती झाली की कीर्तन?

अर्धविराम
मंडळी, शुक्रवार. 'साउंड'चं काय? लेखात म्हटलंय की आधी जाड सिंथ-ब्रास (यंत्रातल्या तुताऱ्या) होता, मग हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या झांजा) दाट झाले, मग बेस 'स्लाइड' व्हायला लागला. हे सगळं एका मराठी शब्दात बसायला हवं.

डग्गा
बाज. तबल्यात दिल्ली बाज, पूरब बाज म्हणतो ना आपण? वाद्य तेच, हात वेगळा. इथेही यंत्र तेच : रोलँड कंपनीचं ८०८, ठोके वाजवणारं ड्रम मशीन. १९८० ते १९८३ एवढंच निघालं, १२ हजारांच्या आसपास. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून चाललं नाही, मग जुन्या बाजारात स्वस्तात पोरांच्या हाती लागलं. त्याच्या बेस ड्रमला एक बटण आहे, ते फिरवलं की ठोक्याचा घुमारा लांबतो. ट्रॅपचा सगळा संसार त्या घुमाऱ्यावर उभा आहे.

सुरुवातीला शॉटी रेड, डीजे टूम्प या संगीतकारांच्या हातात तो खाली दणका देत राहायचा, वर सिंथचे भीतीदायक सूर. झेटोव्हन चर्चमध्ये वाजवणारा, त्याच्या चालीत ऑर्गन-पियानो ऐकू येतो. २०१०ला लेक्स लुगर आला : लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे संगीताचं सॉफ्टवेअर, नुसती वरात, तुताऱ्या फुंकल्यासारखी. पुढे संगीतकार मेट्रो बूमिन आणि रॅपर फ्यूचर यांनी गर्दी काढून टाकली. काळोख राहिला, त्यात ऑटो-ट्यूनमधून गुणगुणणारा माणूस. आणि मधल्या काळात ८०८ नुसता ठोका राहिला नाही, सुरात लावून तोच खर्जाची चाल वाजवायला लागला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतो तेव्हा थेट आपला डग्गा! मनगट दाबून घिस्सा काढतो ना, तसा. लंडनच्या ड्रिलवाल्यांनी (ड्रिल हाही रॅपचाच प्रकार) तर ते घसरणं डोक्यावर घेतलं.

शेवगा
बाज म्हणजे आमच्याकडे सुंभाची खाट. 'ट्रॅपची बाज बदलली' म्हणजे ढेकूण झाले होते का?

डग्गा
ती बाज, तो बाज. लिंग पाहा.

चिंचेचं बुटुक
मी 'ढंग' म्हणेन. भाच्याच्या गाडीत हे लावलं की मागची नंबरप्लेट खडखडते आणि आरशात रस्ता दोन-दोन दिसतो. त्याला मी ढंगच म्हणते, अनेकवचनी.

अर्धविराम
'बाज' आवडला. आता 'ट्रिप्लेट फ्लो' आणि 'हाय-हॅट रोल'?

डग्गा
पहिलं सोपं : तिस्र जाती. एका मात्रेत तीन. मिगोस या रॅपर-त्रिकुटानं २०१३ला गाजवली, पण मेम्फिसचे थ्री सिक्स माफिया हे रॅपर नव्वदीतच तसं म्हणत होते. लय सांगताना जपून : यंत्रावर मिनिटाला १४० ठोके लिहिलेलं असतं, मान हलते ७०ला. ठाय (संथ) आणि दुगुन (दुप्पट) एकदम चालू. रोल म्हणजे तबल्यातलं तिरकिट.

टिपरू
तिरकिट नाही! तिरकिटात बोटं वेगळी, नाद वेगळे. हाय-हॅटला एकच नाद भराभर, मधेच दाट, मधेच विरळ. ही ताशाची तर्री. पथकात सात वर्षं ताशा गळ्यात होता, काडीचे वळ अजून आहेत बोटावर. कच्चा हात असला की तर्री फुटते, सगळे दाणे वेगळे ऐकू येतात. लॅपटॉपची कधी फुटत नाही, म्हणून ती मला मेलेली वाटते.

डग्गा
हे मान्य. तर्री घ्या.

बोरूबहाद्दर
तर्री हा शब्द मिसळीचा. संगीताच्या लेखात शोभत नाही.

टिपरू
मिसळीचा तो कट, काका.

शेवगा
कट पुण्या-कोल्हापुरात. नागपुरात तर्रीच, आणि ती पोह्यांवर.

चिंचेचं बुटुक
पोह्यांवर रस्सा ओतणाऱ्यांनी भाषाशुद्धीवर बोलू नये.

शेवगा
ताई, चण्याची तर्री खाल्ली आहे का कधी? मग बोला.

जुनी चावी
बदलीवर दोन वर्षं नागपुरात होतो. सकाळी सहाला टपरीवर तर्री-पोहे. शेजारच्या बाकावर ज्याचा ट्रॅप लावायचा तोच खात बसलेला. दोघांनाही ठसका लागला.

अर्धविराम
अंकाचं पान आलं. मुद्रितशोधक काकांनी 'बाज' राहू दिला, पण मथळ्यात 'सापळा' परत घातला. चित्रकाराने फक्त मथळा वाचला असावा. पानभर हाडांचा सापळा काढलाय, कानाला हेडफोन.

शेवगा
चित्र टाका ना इथे. आणि टिपरू, कट तेलाचा की रश्श्याचा, ते सांगितलं नाहीत अजून.