स्मॉल्सची खरी लढाई जहाजानंतरची

अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामीतून निसटलेल्या रॉबर्ट स्मॉल्स या काळ्या माणसाचं मोठेपण 13 मे 1862 च्या त्या एका पहाटेत आहे, नंतरचं राजकारण चारचौघांसारखं, असं काहीजण म्हणतात. पहाटेबद्दल दुमत नाहीच. कप्तानाची गवती टोपी घालून, बंदराच्या तोंडावरच्या फोर्ट सम्टर किल्ल्याला बरोबर खुणेची शिट्टी देऊन बायकामुलांसकट दक्षिणेच्या बंडखोर सैन्याची 'प्लँटर' ही बोट चार्ल्सटन बंदरातून बाहेर काढायची, हे वाचताना आजही छाती धडधडते. पण 'चारचौघांसारखं' अजिबात पटत नाही. गुलामीत जन्मलेला हा माणूस पंचविशीच्या आसपास लिहायला-वाचायला शिकला, आणि 1868 मध्ये साउथ कॅरोलायनाच्या घटना परिषदेत सगळ्या मुलांसाठी मोफत सरकारी शाळा हव्यात म्हणून उभा राहिला. पुढे राज्याच्या दोन्ही सभागृहांत आणि मग वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेला.

आता 1895 चा विषय काढतो. त्या वर्षी गोऱ्यांच्या वर्चस्वाचा पुरस्कर्ता नेता बेन टिलमनच्या गटाने राज्याची नवी घटना आणली ती काळ्यांचा मताधिकार काढून घेण्यासाठीच. मतदाराला वाचता-लिहिता यायला हवं, नाहीतर 300 डॉलरची मालमत्ता हवी. ही घटना करणाऱ्या परिषदेच्या 160 प्रतिनिधींत काळे फक्त 6, त्यातला एक स्मॉल्स. मिश्रविवाहबंदीची चर्चा निघाली तेव्हा त्याने उपसूचना मांडली: काळ्या स्त्रीला ठेवणाऱ्या गोऱ्या पुरुषालाही कुठलंच सरकारी पद मिळू नये! उपसूचना अर्थातच पडली. शेवटी त्या घटनेवर त्याने सही केली नाही. मला तरी ही सही नाकारणं जहाजाइतकंच मोठं वाटतं.