दोन टाक्यांना एकच फिल्टर चालेल का?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)
नमस्कार. माझ्याकडे 60 × 30 × 30 सेंटिमीटर मापाच्या दोन काचेच्या टाक्या एकाच स्टँडवर शेजारी-शेजारी असून एकीत गोल्डफिश व दुसरीत गप्पी आहेत. घरी एक मोठा कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा, एका नळीने पाणी ओढून दुसरीने परत सोडणारा बंद डबा) पडून आहे. त्याच्या दोन्ही नळ्यांना ‘टी’ (एका नळीच्या दोन करणारा जोड) लावून त्यावरच दोन्ही टाक्या चालवाव्यात का?

उत्तर १ (पंचवटी)
हा प्रयोग मी केला आहे, म्हणून आग्रहाने सांगतो की करू नका. व्हॉल्व्ह फिरवून दोन्हीकडचा प्रवाह सारखा केला, तरी एका टाकीतल्या गाळणीवर वनस्पतीचे एखादे पान चिकटले की तिथून पाणी ओढले जाणे मंदावते आणि परतीचे पाणी मात्र पूर्वीइतकेच येत राहते. आपल्या मापाच्या टाकीत पातळी 1 सेंटिमीटर वाढणे म्हणजे 1.8 लिटर पाणी. मला ते पहाटे, पलंगावरून पाय खाली ठेवल्यावर कळले.

उत्तर २ (गंगापूर रोड)
पाणी एकत्रच फिरवायचे असेल, तर ‘संप’ म्हणजे खाली ठेवलेली तिसरी टाकी करावी. टाक्यांना वरच्या बाजूला छिद्र पाडून जादा पाणी आपोआप खालच्या टाकीत उतरू द्यावे आणि तिथून एकाच पंपाने वर चढवावे; मात्र टफन्ड (उष्णता देऊन कडक केलेल्या) काचेला छिद्र पाडू नये, ती फुटते. वीज गेल्यावर परतीच्या नळीतूनही पाणी उलटे उतरते, त्यामुळे तिचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागालगतच असावे. दोन्ही टाक्यांची पातळी 5 सेंटिमीटरने उतरली तर 18 लिटर पाणी खाली येईल, एवढी जागा संपमध्ये रिकामी हवी.

उत्तर ३ (सिडको)
मूळ अडचण माशांची आहे. पाणी एक झाले की पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही दोन्हीकडे जातो आणि एका टाकीसाठी घातलेले औषध दुसरीलाही मिळते. शिवाय आपल्याकडच्या जानेवारीत गप्पींना हीटर लागतो, गोल्डफिशना तो नको असतो. त्यापेक्षा दोन तोंडांचा एअर पंप घेऊन हवेच्या बुडबुड्यांवर चालणारे दोन स्पंज फिल्टर लावा. हवा एक, पाणी वेगळे. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, म्हणजे वीज गेल्यावर नळीतून पाणी त्यात उतरणार नाही. गोल्डफिश घाण फार करतात, तेव्हा कॅनिस्टर त्यांनाच द्यावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. कॅनिस्टर गोल्डफिशना आणि स्पंज गप्पींना, असे ठरवले आहे. तो स्पंज आठवडाभर गोल्डफिशच्या टाकीत ठेवून मग हलवला, तर त्यात पाणी शुद्ध ठेवणारे उपयुक्त जिवाणू लवकर रुजतील का?

उत्तर ३ (सिडको)
रुजतील, परंतु आठवडा अपुरा आहे. चार ते सहा आठवडे ठेवावा. त्या काळात गोल्डफिशपैकी एकही आजारी दिसला, तर मात्र तो स्पंज हलवू नये.