चार रॅम लावल्या की एक्स्पो टिकत नाही, मदत हवी आहे

एएम५ (एएमडी प्रोसेसरचा सॉकेट) बोर्ड, डीडीआर५ रॅम, वेग ६००० एमटी/से, १६ जीबीच्या चार पट्ट्या (एकाच मॉडेलचे दोन जोड). एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू केलं की कधी रॅमचा दिवा लागून स्क्रीन काळीच राहते, कधी विंडोज सुरू होतं पण मोठी फाइल उघडताच निळी स्क्रीन. मेमटेस्टमध्येही (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) एरर. एक्स्पो बंद, म्हणजे ३६०० वर, रात्रभर एकही एरर नाही.

बायोस अपडेट केलाय. दोन्ही जोड एकेक करून, दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये तपासले. ६००० वर नीट चालतात. म्हणजे पट्ट्या खराब नसाव्यात. मेमरी ट्रेनिंगलाही (सुरू होताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) पुरेसा वेळ दिला.

व्हिडिओच्या कामासाठी ६४ जीबी हवीच, आणि एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.३ च्या वर न्यायचं नाही. चार पट्ट्यांवर ५२०० च्या आसपास स्थिर चालवायचं तर आधी काय बदलू: टायमिंग (रॅमच्या विलंबाचे आकडे), एसओसी व्होल्टेज की रॅमचं व्होल्टेज?