सिनाच यांची वाटचाल: चर्चच्या क्वायरमधून जगभरच्या मंडळ्यांपर्यंत

दुसरा_आवाज (प्रश्न)

आमच्या क्वायरमध्ये ‘वे मेकर’ हे गीत गेली काही वर्षे नेमाने म्हटले जाते, आणि परवापर्यंत मी ते एखाद्या अमेरिकन बँडचेच असणार असे धरून चाललो होतो. आमच्या गीतपत्रिकेवरही एका बँडचेच नाव छापलेले आहे. ते २०१५ साली नायजेरियाच्या सिनाच यांनी रचले आणि त्या मुळात ख्राइस्ट एम्बसी या चर्चमध्ये आराधना चालवणाऱ्या आहेत, हे मला आता कळले. स्वतः मागे राहून मंडळीला गायला लावणे हेच जिचे काम, त्या व्यक्तीचे नाव संगीताच्या बाजारात एवढे वर येते तरी कसे? आणि एकदा वर आल्यानंतर त्या कामाला सेवा म्हणावे की व्यवसाय? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

समेवर

सिनाच यांचे मूळ नाव ओसिनाची. त्यांनी पोर्ट हारकोर्ट विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली, पण जगाला त्या माहीत झाल्या त्या चर्चच्या व्यासपीठावरून. ख्राइस्ट एम्बसीमध्ये त्यांनी अनेक वर्षे क्वायरमध्ये गायन केले, गीते रचली आणि आराधना चालवली, आणि ‘आय नो हू आय ॲम’सारखी त्यांची गीते ‘वे मेकर’च्या आधीच आफ्रिकेतील मंडळ्यांच्या तोंडी बसली होती. म्हणजे आपल्याला जी झेप वाटते, ती त्यांच्याकडच्या लोकांच्या दृष्टीने वर्षानुवर्षांची वाटचाल होती.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला एका तपशिलात दिसते. २०२० मध्ये त्या बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या ज्या यादीत पहिल्या स्थानावर पोहोचल्या, ती गायकांची नव्हती, ख्रिस्ती गीतकारांची होती, आणि तेथे पोहोचणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी कलाकार ठरल्या. त्या सुमारास अमेरिकेत गाजत होत्या त्या लीलँड या बँडने आणि मायकेल डब्ल्यू. स्मिथ यांनी गायलेल्या आवृत्त्या. त्याच वर्षी या गीताला ख्रिस्ती संगीतासाठी दिल्या जाणाऱ्या डव्ह पुरस्कारांमध्ये वर्षातील सर्वोत्तम गीताचा मान मिळाला. त्यांचे नाव वर आले ते दुसऱ्यांच्या गळ्यांतून, आणि आपल्या पत्रिकेवर चुकीचे नाव छापले गेले त्याचे कारणही नेमके हेच आहे.

काळी_चार

मी उपासनेत की-बोर्ड वाजवतो, तेव्हा वाजवणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो. या गीतात चारच कॉर्ड फिरत राहतात. कडव्याची घडण अशी आहे की दर वेळी अर्धीच ओळ बदलते, म्हणजे देव येथे आहे आणि काय करतो आहे एवढाच भाग नवा येतो, आणि उरलेला अर्धा, भक्तीची कबुली देणारा भाग, तसाच राहतो; त्यामुळे गीत पहिल्यांदाच ऐकणारा माणूससुद्धा दुसऱ्या कडव्यापर्यंत मान वर करून गाऊ लागतो. ध्रुवपदात तर देवाची बिरुदे एकामागून एक येतात. नामस्मरणाची सवय असलेल्या कानाला ते समजावून सांगावे लागत नाही.

आराधना चालवणाऱ्याचे कसब यापुढे सुरू होते. पुढची ओळ मंडळीच्या तोंडी येण्याच्या अर्धा श्वास आधी त्याने ती उच्चारायची, ध्रुवपद पुन्हा घ्यायचे की नाही हे हाताच्या खुणेने वादकांना कळवायचे, आणि लोकांचा आवाज भरला की स्वतः माइकपासून मागे सरायचे. आमच्याकडे एक उत्तम गळ्याचे गायक होते, पण त्यांना हे मागे सरणे काही केल्या जमले नाही. ते हरकती घेत आणि मंडळी हात बांधून ऐकत बसे! गाणे चांगले होई, आराधना होत नसे.

जुनी_तबकडी

सेवा की व्यवसाय, हा वाद सिनाच यांच्या पिढीचा नाही. अमेरिकेतील गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीते) गायिका महालिया जॅक्सन १९११ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मल्या, तरुणपणी शिकागोला आल्या आणि तेथील एका बॅप्टिस्ट चर्चच्या क्वायरमधून पुढे आल्या. टाळ्या वाजवत, अंग डोलवत गाण्याची त्यांची रीत काही पाळकांना मुळीच रुचली नव्हती. १९४७ च्या एका ध्वनिमुद्रिकेने त्यांचे नाव देशभर झाले, १९५० मध्ये त्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या नामांकित सभागृहात गायल्या, आणि १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाआधी त्यांचे गायन झाले. नाइट क्लबमध्ये गाण्यास मात्र त्यांनी ठाम नकार दिला. तरीही त्या पैशाच्या बाबतीत भाबड्या नव्हत्या: आयोजकांकडून फसवणूक होत असल्याने त्या मानधन रोख मागून घेत, आणि शिकागोत त्यांनी स्वतःचे ब्युटी पार्लर व फुलांचे दुकानही चालवले. मला यात विसंगती दिसत नाही. पोटाची सोय दुकानातून होत असल्यामुळेच कोठे गायचे नाही हे ठरवणे त्यांना परवडले असावे.

आजच्या काळात ही सोय परवान्यातून होते. सीसीएलआयसारख्या संस्थांकडून चर्च वार्षिक परवाना घेतात, कोणती गीते वापरली याची नोंद कळवतात, आणि त्या नोंदींच्या आधारे गीतकारांना मानधन वाटले जाते. नोंद चुकीच्या नावावर गेली, तर मानधनही भलतीकडे जाऊ शकते.

दुसरा_आवाज

सर्वांचे आभार. काळी_चार यांनी लिहिलेले मागे सरणे मला स्वतःला अजून जमलेले नाही, हे येथे कबूल करतो. येत्या सरावाला शेवटचे ध्रुवपद माइक खाली ठेवूनच घेणार आहे. गीतपत्रिकेवर बँडच्या नावाच्या जागी सिनाच यांचे नाव घातले आहे, आणि मागच्या नोंदी कोणी कळवल्या होत्या याची चौकशी चर्चच्या कार्यालयात सुरू केली आहे.