मदत हवी आहे: ‘नॉट टू बी’चा अर्थ अशक्य की निषेध?

बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. ‘अॅन आन्सर नॉट टू बी फाउंड इन एनी बुक’ म्हणजे कुठल्याच पुस्तकात सापडू न शकणारं उत्तर; इथे अशक्यता. पण ‘अ चान्स नॉट टू बी मिस्ड’ म्हणजे चुकवू नये अशी संधी. रचना तीच, अर्थ वेगळा!

‘विच कॅनॉट बी’ आणि ‘विच मस्ट नॉट बी’ घालून पाहिलं. अर्थ आधीच कळला असेल तरच ते जमतं, म्हणून मुलं अडकतात. ‘नोव्हेअर’ असलं की बहुधा अशक्यताच, एवढं मी सांगते. ‘कॅनॉट’ वापरा हा पर्याय नको, उताऱ्यात हीच रचना येते.

फाउंड, सीन, हर्ड अशा क्रियापदांनीच अशक्यता येते का, की दुसरी काही खूण आहे?