एचएस5 की 305पी? दुकानात मॉनिटर ऐकून कसे निवडावेत

घाटकोपरकर:
नमस्कार मंडळी. 10 बाय 10 फुटांच्या खोलीत मिक्सिंगसाठी मॉनिटर (स्टुडिओचे स्पीकर) घ्यायचे आहेत. काम मुख्यतः गायन आणि तबल्याचं. यामाहा एचएस5 आणि जेबीएल 305पी मार्क 2 या दोनवर आलोय. दुकानात सगळे स्पीकर एकाच फळीवर मांडलेले असतात आणि बटण दाबून बदलून दाखवतात. त्यावरून ठरवावं का? सोबत काय न्यावं?

फेडर:
त्यावरून अजिबात ठरवू नका. आधी दोघांची पातळी जुळवा. एका डेसिबलचा फरक असला तरी मोठा वाजणारा स्पीकर जास्त भरीव आणि स्पष्ट वाटतो. तो मोठा वाजतोय हे मात्र जाणवत नाही.

चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमधला आवाज स्पीकरला देणारी पेटी), बॅलन्स्ड टीआरएस केबलच्या (बाहेरची खरखर न उचलणाऱ्या) दोन जोड्या आणि पिंक नॉइजची (मोजणीसाठीच्या एकसारख्या खळखळाटाची) फाइल न्या. केबल लॅमिंग्टन रोडला मिळतील. एचएस5चे रूम कंट्रोल आणि हाय ट्रिम, 305पीचे बाउंड्री ईक्यू आणि एचएफ ट्रिम, हे आवाज कमी-जास्त करणारे मागचे सगळे खटके शून्यावर ठेवा. 305पीचा इनपुटचा खटका +4 वर. मग एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवून, बसायच्या जागी कानाच्या उंचीवर मोबाइलमधल्या आवाज मोजायच्या ॲपने मोजा: ॲपची सेटिंग सी वेटिंग आणि स्लो, आवाज साधारण 75 डेसिबल. मोबाइलचा आकडा अचूक नसला तरी चालतं, आपल्याला फक्त फरक बघायचाय. अर्ध्या डेसिबलच्या आत आणा.

दोन्ही जोड्या शेजारी शेजारी, ट्वीटर कानाच्या रेषेत, अंतर मीटरभर. ऐकून झालं की जोड्यांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा ऐका. मत फिरलं, तर तो फरक स्पीकरचा नाही, जागेचा आहे. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

ठेका:
ऐकायला स्वतःचीच रेकॉर्डिंग घ्या, वॅव्ह फाइल, ब्लूटूथ नको. बायाँवरचा घिस्सा (तळहात घासून स्वर सरकवणं) लावा. खालून वर जाताना एखादाच स्वर फुगला किंवा गायब झाला तर तिथे गडबड आहे. मोनो (दोन्ही स्पीकरना एकच आवाज) केल्यावर गायकाचा आवाज बरोबर मधोमध, बोटभर जागेत यायला हवा. आवाज अगदी हळू करूनही शब्द कळतात का, तेही बघा. शेवटी काही न वाजवता ट्वीटरजवळ कान नेऊन सुसकारा ऐका. शांत खोलीत रात्री तो खुपतो.

घाटकोपरकर:
जागा बदलू दिली नाही तर?

फेडर:
गर्दी नसताना, आठवड्यातल्या सकाळी फोन करून जा. तरीही नाही म्हणाले तर परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या आणि घरी ऐका.

कोपरा:
घरी ऐकणं तसंही गरजेचं आहे, कारण तुमची खोली चौरस आहे. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर, ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला तर पहिला अनुनाद 56 हर्ट्झला. लांबी-रुंदी सारखीच, त्यामुळे दोन्ही दिशांचे अनुनाद याच एका स्वरावर साचतात. भिंतीला टेकून बसलात तर तो घुमतो, खोलीच्या मधोमध तो जवळपास ऐकूच येत नाही. समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर बसून सुरुवात करा. कोपऱ्यांत 4 इंच जाड रॉकवूलचे पॅनल लावा. 8 इंची वूफरच्या नादी लागू नका. या दोन्ही मॉडेलचे पोर्ट (खर्जाची हवा बाहेर सोडणारं भोक) मागे आहेत, भिंतीला चिकटवू नका.

घरी हम (विजेची घुंघुं) आला तर प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका. इंटरफेस, लॅपटॉप आणि मॉनिटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरीही राहिला, तर इमारतीचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.