लग्नात नाव बदललं, आता खरी मी कुठली?

जाई_नाशिक:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहूनच टाकते, जरा मोठं होईल. माझं माहेरचं नाव कुसुम. 1993 ला लग्न झालं तेव्हा ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने नवीन नाव लिहिलं, वैशाली, सगळ्यांनी वाकून वाचलं आणि पेढे वाटले. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगते, विचारायचं असतं हे माझ्याही डोक्यात नव्हतं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही गेले. त्याचं काही वाईट वाटून घेतलं नाही, संसार चांगला झाला, हे माणूस म्हणून फार चांगले आहेत, तक्रार नाहीये.
आई जानेवारीत गेली. घर आवरायला गेले तेव्हा माळ्यावर एक स्टीलचा डबा सापडला, बुडाशी टिंबाटिंबांनी कोरलंय, 'कु. कुसुम, इ. 7 वी, 1981'. स्कॉलरशिप मिळाली म्हणून आजोबांनी घेतला होता, नाव घालायला मला बरोबर घेऊन गेले होते, त्या मशिनचा कर्रर्र आवाज मला अजून आठवतो. ती अक्षरं बोटाने चाचपली आणि पोटात एकदम खड्डाच पडला. ही मुलगी गेली कुठे? घरी येऊन आरशासमोर उभी राहून हळूच कुसुम म्हणून हाक मारली, आतून कोणी ओ दिली नाही. मग वैशाली म्हणून मारली तर तेव्हाही नाही. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.
आत्मा अमर आहे, नाव म्हणजे देहाचं वगैरे कृपया सांगू नका, सत्संगात ऐकलंय, श्रद्धाही आहे, पण त्याने हे सुटत नाहीये. तुमच्यापैकी कोणी या विषयाचा विचार केला असेल तर सांगा.

अण्णा_मास्तर:
ताई, मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो, हा प्रश्न वर्गात शेकडो वेळा घेतला पण डब्याच्या बुडावरून कधी नाही घेतला, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सार्त्र नावाचा फ्रेंच विचारवंत होता, त्याने ऑक्टोबर 1945 मध्ये पॅरिसला एक भाषण दिलं. त्यात कागद कापायच्या सुरीचं उदाहरण आहे. सुरी घडण्याआधीच ती कशासाठी हे कारागिराच्या डोक्यात ठरलेलं असतं. माणसाचं उलटं, तो आधी येतो, वावरतो, आणि आपण कोण ते जगता जगता घडवत जातो. आता तुमचं बघा, तुम्ही असं धरून चाललाय की कुसुम नावाची खरी बाई आत कुठेतरी कोंडून बसलीय आणि तिने ओ द्यायला हवी होती. तशी आत कोणीच बसलेली नसते असं तो म्हणेल. म्हणून दोन्ही हाकांना ओ आली नाही, त्यात तुमचं काही बिघडलेलं नाही.
नावावरून आठवलं, 1964 ला त्याला नोबेल जाहीर झालं ते त्याने घेतलं नाही. त्याचं एक कारण असं होतं की नुसती सार्त्र अशी सही करणं वेगळं आणि नोबेलविजेता सार्त्र अशी करणं वेगळं. म्हणजे मागे चिकटलेला एक शब्द माणसाचं काय करतो हे त्याला नीट कळत होतं. पण एक गोष्ट मला त्याच्याकडे कमी वाटते. 'तू मोकळा आहेस, निवड' हे म्हणणं त्याला सोपं होतं, त्याच्या नावाचं ताट कोणी मांडलं नव्हतं. त्याच्या सोबतीण सिमोन द बोव्हार, त्यांनी 1949 मध्ये लिहिलं की बाई जन्मत नाही, ती होत जाते, आणि ते होणं किती जणांच्या हातात असतं हेही सविस्तर मांडलं. तुम्ही त्यांच्यापासून सुरुवात करा.

मंगल_माणदेशी:
अण्णांचं सगळं समजलं असं म्हणणार नाही, पण माझ्याकडचं सांगते. आमच्या सातारा जिल्ह्यात मुलीवर मुलगी झाली की तिसरीचं नाव नकुशी नाहीतर नकुसा ठेवायचे, म्हणजे नको असलेली, का तर पुढचा मुलगा व्हावा. शाळेच्या हजेरीत रोज तेच नाव पुकारलं जायचं. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात कार्यक्रम झाला आणि 285 मुलींनी नवीन नावं घेतली. कोणी ऐश्वर्या घेतलं, कोणी सावित्री, आणि ताई, कोणी वैशाली पण घेतलं बरं का. तुम्हाला जे नाव ताटातून मिळालं तेच एका पोरीने हौसेने मागून घेतलं.
दुसरं असं की माझी मावसबहीण नकुसाच राहिली. तिला विचारलं होतं मी, बदल की गं. म्हणाली, याच नावानं दावणीला चार म्हशी बांधल्या, याच नावानं सातबाऱ्यावर चढले, आता नावाला लाज वाटू दे, मला नाही वाटत. आता ती आणि त्या 285 जणी यात कोण बरोबर? मला तर सगळ्याच बरोबर वाटतात, कारण आपलं आपण ठरवलं.

संत्रानगरी_88:
जय भीम ताई. बौद्ध साहित्यात मिलिंद राजा आणि भंते नागसेन यांचा संवाद आहे, त्याची सुरुवातच तुमच्या प्रश्नाने होते. राजा नाव विचारतो, भंते म्हणतात मला नागसेन म्हणतात खरं पण ते नुसतं संबोधन आहे, त्यामागे नागसेन नावाची वस्तू सापडणार नाही. मग रथाचं उदाहरण, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, असं. मला मात्र पुढचं जास्त आवडतं, दुधाचं दही होतं, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. तूप म्हणजे दूध नाही, पण दुधाशिवाय आलंही नाही. सातवीतली कुसुम गेली कुठे असं विचारलंत ना, तर मला वाटतं ती कढली.
आणि घाई करू नका. बाबासाहेबांनी धर्म सोडणार हे तुमच्या नाशिक जिल्ह्यात येवल्याला 1935 ला सांगितलं आणि दीक्षा घेतली 1956 ला, 21 वर्षं अभ्यास केला. माझे आजोबा त्या दिवशी दीक्षाभूमीवर होते. ते सांगायचे, घरी आलो तेव्हा उंबरठा तोच होता पण आत जाताना वाकावंसं वाटलं नाही.

जाई_नाशिक:
सगळ्यांचे मनापासून आभार. 'कढली' हा शब्द वाचून रडू आलं, बरं वाटणारं रडू. काल रात्री जेवताना ह्यांना पहिल्यांदा विचारलं, वैशालीच का लिहिलंत हो? ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, गुरुजींनी पत्रिका बघून 'व' हे अक्षर सांगितलं, आईने नाव काढलं, मी फक्त अंगठी फिरवली. म्हणजे इतकी वर्षं मला वाटत होतं त्यांनी मनात धरून लिहिलं, तर त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं. मग त्यांनीच डबा मागितला, चष्मा लावून ती टिंबं वाचली आणि म्हणाले स्कॉलरशिपचं तू कधी बोलली नाहीस. खरंच बोलले नव्हते.
आज वाचनालयाचा मेंबरशिपचा फॉर्म आणलाय, पहिल्या रकान्याशी पेन अडलंय. दोन्ही नावं लिहावीत का, की अजून थांबावं, ठरत नाहीये. डब्यात सध्या शेंगदाण्याचं कूट भरून ठेवलंय, रोज हाताला लागतो. मंगलताई, तुमच्या नकुसाताईंना माझा नमस्कार सांगा, आणि जमलं तर विचारा, लहानपणी हजेरीत नाव पुकारलं की त्या ओ कशी द्यायच्या.